नुसते तुकडे जोडलेत, यात बघायचं काय?

मागच्या अंकात मी ब्रूस कॉनर या अमेरिकन कलाकाराच्या ‘अ मूव्ही’ नावाच्या १२ मिनिटांच्या फिल्मबद्दल दोन परिच्छेद लिहिले होते. दुसऱ्यांनी शूट केलेल्या जुन्यापान्या फुटेजचे तुकडे जोडून केलेली ही फिल्म, म्हणजे ज्याला कोलाज फिल्म म्हणतात ती. त्यावर इतके मेल आणि पत्रं आली की या वेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय. राहिलेल्यांनी रागावू नका, तुमचे प्रश्न जपून ठेवलेत.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक, वय ७१. तुम्ही लिहिलंत म्हणून नातवाला सांगून ती फिल्म लावून घेतली. सुरुवातीलाच ‘द एंड’ येतं, मग परत सुरू होते, घोडे, रणगाडे, दरीत कोसळणाऱ्या गाड्या, पाणबुडी, अणुबॉम्ब. एकही शॉट त्या माणसाने स्वतः घेतलेला नाही म्हणता. मग त्याने केलं काय? नुसते तुकडे जोडलेत, यात बघायचं काय? (एक वाचक, सातारा)

सर, आधी एक सांगते, तुम्ही फिल्म पूर्ण बघितलीत आणि मग विचारलंत याचा मला फार आनंद झालाय, कारण बहुतेक जण दुसऱ्या मिनिटाला बंद करतात आणि मग मत देतात.

आता तो पाणबुडीचा भाग आठवा. पाणबुडीतला अधिकारी पेरिस्कोपला डोळा लावतो. कट. बिकिनीतली एक बाई पोझ देऊन बसलीय. कट. अधिकारी घाईघाईने हुकूम देतो, टॉर्पेडो सुटतो. कट. अणुस्फोटाचा ढग. आणि मग लाटा येतात, आणि त्या लाटांवर सर्फिंग करणारी माणसं हेलपाटतात. आता यातला प्रत्येक शॉट वेगळ्या रिळातला आहे. पाणबुडीवाल्याने ती बाई कधी बघितलेली नाही, त्या बाईला पाणबुडीचा पत्ता नाही, आणि स्फोट तर लष्कराने स्वतःच्या कामासाठी शूट केलेला. तरी आपण बघताना एका सेकंदात ठरवून टाकतो की त्याने तिला बघितलं, त्याचा तोल गेला आणि त्याने बॉम्ब टाकला. हे पडद्यावर कुठेच नाहीये, ते आपण जोडलं. तुमच्या नातवाला त्या जागी हसू आलं असेल बघा, सगळ्यांना येतं, आणि ढग वर चढायला लागला की ते हसू घशातच अडकतं. कॉनरने काय केलं तर हे केलं. तुमच्या मनाला जोडायची जी सवय सिनेमाने लावलीय ती त्याने तुमच्याच हातात आणून दिली.

१९५८ साली, वयाच्या चोवीस-पंचविशीत त्याने हे केलं. तो सॅन फ्रान्सिस्कोत होता, मूळचा शिल्पकार, टाकाऊ वस्तू, जुने नायलॉनचे स्टॉकिंग्ज वगैरे वापरून कामं करायचा. कॅमेरा नव्हताच. तेव्हा तिकडे कॅमेऱ्याच्या दुकानात घरी बघायला म्हणून छोट्या केलेल्या फिल्म मिळायच्या, काउबॉयपटांचे तुकडे, बातम्यांची न्यूजरील, गमतीजमती, ते सगळं त्याने आणलं आणि कापलं. खाली रेस्पीगी या इटालियन संगीतकाराची ‘पाइन्स ऑफ रोम’ ही भव्य ऑर्केस्ट्रा रचना लावली, आणि हे फार महत्त्वाचं आहे, कारण त्या संगीतामुळे मोटारींच्या टकरीसुद्धा काहीतरी महान घडतंय अशा थाटात येतात आणि आपल्याला कळेनासं होतं की हे मजेचं आहे का भीषण आहे.

आणि तुम्ही लिहिलंत तो सुरुवातीलाच येणारा ‘द एंड’. फिल्मच्या सुरुवातीला आकडे उलटे मोजणारी जी पट्टी असते तिला लीडर म्हणतात, ती फक्त प्रोजेक्टरवाल्यासाठी असते, प्रेक्षकाला कधी दाखवत नाहीत. कॉनरने तीच दाखवली. स्वतःचं नाव पडद्यावर इतका वेळ ठेवलं की वाटतं मशीन अडकलं का काय. जे बघायचं नसतं ते बघायला लावतो तो. मला हे बघून दर वेळी आमच्या गावची जत्रा आठवते, खरंच. तंबूतल्या टॉकीजमध्ये प्रिंट तुटली की ऑपरेटर तुटलेल्या चार-सहा फ्रेम कात्रीने उडवायचा, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून जोडायचा आणि तो तुकडा खाली टाकायचा. आम्ही मुलं सकाळी जाऊन ते वेचायचो. माझ्या भावाने खोक्याला भोक पाडून, जुन्या बल्बमध्ये पाणी भरून त्याचं भिंग केलेलं, बाहेर एक जण आरसा धरून ऊन आत पाडायचा आणि भिंतीवर ती एकच फ्रेम दिसायची, उलटीसुलटी, कडेला रंग फाटलेले. एकदा एका बाईचा फक्त हात आणि दाराची कडी एवढंच असलेला तुकडा मिळाला होता. कुठल्या सिनेमातला, हात कोणाचा, दार उघडतंय का लागतंय, काही माहीत नाही. तो हात मी अजून विसरलेले नाही, आणि सिनेमा बघायला गेले असते तर तो हात मला दिसलासुद्धा नसता, कारण गोष्ट पुढे पळाली असती.

सर, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर ते आहे. गोष्टीतून सुटलेला शॉट पहिल्यांदा नीट दिसतो.

एकच करा, शेवटची दोन मिनिटं परत बघा. पाणबुड्या माणूस बुडालेल्या जहाजाच्या सांगाड्यात उतरतो, आणि मग पाण्याखालून वर दिसणारा उजेड. आधीची दहा मिनिटं पडझड बघितलेली असते म्हणून त्या उजेडाकडे बघताना पोटात हलतं, एरवी तो साधा पाण्याखालचा शॉट आहे.

प्रश्न: ताई, मी नाशिकला बीएमएम करतेय. आम्ही पण रोज हेच करतो की. सिनेमातल्या क्लिप कापून गाण्यावर लावतो, फॅन एडिट बनवतो, रील टाकतो. मग त्यांचं आर्ट आणि आमचं टाइमपास असं का?

असं कोणी म्हणत असेल तर त्याचं ऐकू नकोस. तुझ्यासाठी तर माझ्याकडे या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात लाडका माणूस आहे. जोसेफ कॉर्नेल. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात आई आणि आजारी भावाबरोबर राहायचा, लाकडी पेट्यांमध्ये छोट्या छोट्या वस्तू मांडून अप्रतिम चित्रं करायचा. त्याला ‘ईस्ट ऑफ बोर्निओ’ या १९३१ च्या साध्या जंगलपटाची प्रिंट मिळाली. त्यात राजा, मगरी, शेवटी ज्वालामुखी, सगळा मसाला. रोझ होबार्ट नावाची त्यातली नायिका त्याला अशी काही आवडली की त्याने सगळा सिनेमा कापून टाकला आणि जवळजवळ फक्त तिला ठेवलं. सव्वा तासाचे उरले एकोणीसेक मिनिटं. आणि नाव दिलं ‘रोझ होबार्ट’. म्हणजे १९३६ सालचं फॅन एडिटच झालं ते, म्हटलं तर!

पण बघ काय केलंय त्याने. ती वळून बघते, पण काय बघते ते काढून टाकलंय. ती दारातून आत येते, पुढच्या कटला कपडे वेगळे. ती घाबरते, कशाला ते नाही. बोलतानाचे आवाज काढून टाकले आणि वर ब्राझिलियन नाचाच्या संगीताची तबकडी लावली. प्रोजेक्टरचा वेग मूकपटांच्या वेगावर आणला, त्यामुळे ती किंचित संथ हलते, आणि समोर निळी काच धरली. मूळ सिनेमात ती बाई नवऱ्याला शोधायला निघालेली असते. इथे ती कुठेच निघालेली नाही. एक माणूस कशाची तरी वाट बघताना कसा दिसतो एवढंच आपण बघत राहतो, आणि गंमत म्हणजे कंटाळा येत नाही. पहिला खेळ न्यूयॉर्कच्या ज्युलियन लेव्ही गॅलरीत झाला, प्रसिद्ध चित्रकार साल्वादोर दाली तिथे होता, आणि असं सांगतात की ही माझ्या डोक्यातली कल्पना चोरली म्हणून तो इतका चिडला की प्रोजेक्टरच पाडला. बिचारा कॉर्नेल इतका हादरला की त्यानंतर फिल्म दाखवायला तो कायम कचरायचा.

आता तुझ्या प्रश्नाकडे. तू जे रील करतेस त्यात बहुतेक वेळा कट गाण्याच्या ठेक्यावर पडतो आणि बघणाऱ्याला आधीच माहीत असलेली भावना अजून मोठी करून मिळते. हीरो भारी आहे हे माहीतच आहे, तुझ्या एडिटमध्ये तो अजून भारी दिसतो. त्यात कौशल्य लागतं, मी स्वतः पोटापाण्यासाठी मालिकांचं एडिटिंग करते, मला कळतं ठेक्यावर कट बसवणं काय असतं. कॉर्नेल मात्र तुला अशी गोष्ट दाखवतो जी सिनेमा बनवणाऱ्यांनाही माहीत नव्हती. एक प्रयोग करून बघ. तुझी आवडती हिरॉइन घे, तिचा एक सिनेमा घे, आणि त्यात ती बोलत नाहीये आणि तिच्याकडे कोणी बघत नाहीये असे सगळे शॉट काढ. गाणं लावू नकोस, ठेका तर अजिबात नको. टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंगच्या पट्टीवर, नुसते ओळीने लाव आणि बघ. मग मला लिही, मी वाट बघेन.

प्रश्न: हे सगळं अमेरिकन आणि युरोपियन लोकांचं भरल्या पोटाचं फॅड वाटतं. आपल्याकडे याची गरज काय आणि परंपरा तरी कुठे आहे? (एक वाचक, पुणे)

भरल्या पोटाचं? रशियात १९२७ साली एस्फिर शूब नावाच्या बाईने झारच्या घराण्याच्या पडझडीवर पूर्ण लांबीची फिल्म केली, ‘फॉल ऑफ द रोमानोव्ह डायनेस्टी’. स्वतः काही शूट न करता, तळघरांमध्ये ओल लागून पडलेली न्यूजरील आणि झारच्या घरचंच फुटेज शोधून शोधून. ती धंद्याने एडिटर, परदेशी सिनेमे सोव्हिएत प्रेक्षकांसाठी कापूनजोडून द्यायचं काम करायची. तिच्या त्या फिल्ममधली एक जागा मी कोणाही नवीन एडिटरला दाखवतेच. जहाजाच्या डेकवर सरदारदरकदार मंडळी नाचतायत, नाचून नाचून घाम पुसतायत. कट. शेतकरी खड्डा खणतायत आणि घाम पुसतायत. बास. हे शूट करणाऱ्या कॅमेरामनने झारला खूश करायला शूट केलं होतं, एकही फ्रेम खोटी नाही, आणि शूबने फक्त शेजारी ठेवल्यावर त्याच फ्रेमा झारच्या विरोधात साक्ष द्यायला लागल्या. याला फॅड म्हणाल तर मला वाईट वाटेल.

कॅनडात तर सरकारी नोकरीत हे झालंय. आर्थर लिप्सेट हा माँट्रियालच्या नॅशनल फिल्म बोर्डात काम करायचा, इतरांनी एडिट करून कचऱ्याच्या डब्यात टाकलेले आवाजाचे तुकडे उचलून ठेवायचा. कोणाचं अर्धं वाक्य, कोणाचं खाकरणं. त्यातून आणि स्थिरचित्रांतून १९६१ मध्ये सात मिनिटांची ‘व्हेरी नाइस, व्हेरी नाइस’ झाली, ती ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेली.

आणि आपल्याकडे काहीच नाही असं तरी कसं म्हणता. मुंबईत पेडर रोडवरचं फिल्म्स डिव्हिजन, १९४८ साली सुरू झालेलं. सिनेमा लागायच्या आधी ‘फिल्म्स डिव्हिजन की भेंट’ यायचं आणि लोक तोवर बाहेर वडा खात उभे राहायचे, आठवतंय ना. पण त्याच ऑफिसात साठच्या दशकात प्रमोद पती होता, प्रागला जाऊन ॲनिमेशन शिकून आलेला, त्याची १९६८ ची ‘एक्स्प्लोरर’ बघा, सात-आठ मिनिटांची. नाचणारी तरुण मुलं, देवधर्म, प्रयोगशाळा, सगळं इतक्या झपाट्याने एकमेकांवर आदळतं की सरकारी पैशाने हे कोणी करू दिलं असा प्रश्न पडतो. त्याच वर्षीची एस. एन. एस. शास्त्री यांची ‘अँड आय मेक शॉर्ट फिल्म्स’, त्यात तर शॉर्ट फिल्म बनवणारा माणूस स्वतःच्याच कामाचे तुकडे करून उलगडून बघतोय. या मंडळींनी शुद्ध कोलाज केलं असं मी म्हणणार नाही, बरंचसं शूट त्यांचं स्वतःचं आहे, पण तुकड्यांना बोलायला लावायची ओढ तीच. आणि अलीकडचं हवं असेल तर पायल कपाडियाची ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’. तुमच्या पुण्यातल्याच एफटीआयआयमधून शिकलेली. एका मुलीची पत्रं, विद्यार्थ्यांची आंदोलनं, आणि मध्ये मध्ये कोणाच्या तरी घरचं जुनं फुटेज. २०२१ मध्ये कानला सर्वोत्तम माहितीपटाचा पुरस्कार मिळाला तिला.

गरज काय विचारलंत. आपल्याकडे मूकपटांच्या प्रिंट्स वितळवून त्यातली चांदी काढून घेतली, किती सिनेमे असे गेले. तुमच्याच पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी मिळेल तो तुकडा, अर्धं रीळ का असेना, गोळा करून ठेवला. पूर्ण सिनेमा गेलाय आणि दोन मिनिटंच उरलीत, अशा देशात तुकडा बघायची नजर आपल्याला नको तर कोणाला हवी?

प्रश्न: मी अकरावीत आहे. माझ्याकडे कॅमेरा पण नाही आणि लॅपटॉप पण नाही. काय करू?

स्टॅन ब्राखाज या अमेरिकन प्रयोगशील फिल्मकाराकडे १९६३ मध्ये कच्ची फिल्म घ्यायला पैसे नव्हते. दिव्यावर येऊन मेलेले पतंग, त्यांचे पंख, पाकळ्या, गवताची पाती त्यांनी फिल्म जोडायच्या दोन पारदर्शक चिकटपट्ट्यांमध्ये दाबली आणि त्याचीच प्रिंट काढून घेतली. ‘मॉथलाइट’, जेमतेम चार मिनिटं, आवाज नाही, कॅमेरा नाही. मेलेला पतंग पडद्यावर परत फडफडतो, इतकं सुंदर आहे ते. तुझ्याकडे वर्तमानपत्रं आणि घरातला कोणाचाही मोबाईल असेल तर चित्रं कापून टेबलावर ठेव, एक फोटो, जरा सरकव, परत फोटो. १२ फोटोंचा एक सेकंद धर. एका मिनिटाला ७२० फोटो होतात, शनिवार-रविवार जाईल. करून पाठव.

प्रश्न: कॉपीराइटचं काय? पोलीस घरी येतील का?

पोलीस नाही येणार बहुतेक, पण यूट्यूब नक्की उडवेल. थोडक्यात, आपल्या १९५७ च्या कायद्यात सिनेमाचा कॉपीराइट तो प्रकाशित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, त्यामुळे पन्नासच्या दशकातलं बरंच काही आता मोकळं आहे. पण गाण्याचा हिशोब वेगळा, कवी आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणून चित्र वापरताना गाणं आपोआप मिळालं असं समजू नका. सुरुवात करायला इंटरनेट अर्काइव्ह या वेबसाइटवरचा प्रेलिंजर संग्रह बघा, जुन्या अमेरिकन जाहिराती, शाळेत दाखवायच्या फिल्म, कारखान्यांच्या फिल्म, हजारोंनी आहे आणि डाउनलोड करायला फुकट. पैसे घेऊन दाखवणार असाल तर वकिलाला विचारा, मला नको.

प्रश्न: दुसऱ्याच्या दुःखाचं फुटेज घेऊन आपण त्याची सुंदर फिल्म करायची, हे बरोबर वाटतं का तुम्हाला? (एक वाचक, इस्लामपूर)

या प्रश्नाने मला दोन दिवस झोपू दिलं नाही.

कॉनरचीच १९७६ ची ‘क्रॉसरोड्स’ आहे, सुमारे ३६ मिनिटांची. २५ जुलै १९४६ ला अमेरिकेने पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटांपाशी पाण्याखाली अणुबॉम्ब फोडला, त्याचं लष्कराने शेकडो कॅमेरे लावून केलेलं शूटिंग. कॉनरने तो एकच स्फोट वेगवेगळ्या कोनांतून, संथ, परत परत दाखवलाय. पाण्याचा खांब उभा राहतो, त्याच्या मुळाशी युद्धनौका खेळण्यासारख्या दिसतात, मग पांढरी भिंत सगळं गिळत कॅमेऱ्याकडे येते. आणि ते अतिशय देखणं आहे. त्या स्फोटाआधी तिथल्या १६७ माणसांना बेट सोडायला लावलं होतं, त्यांना परत येऊन नीट नांदता आलं नाही ते नाहीच. ती माणसं फिल्ममध्ये कुठेच नाहीत. मी ती पहिल्यांदा बघितली तेव्हा दहाव्या मिनिटाला भारावले होते आणि पंचविसाव्या मिनिटाला मला माझ्याच भारावण्याची भीती वाटली. मला वाटतं कॉनरला तिथेच न्यायचं होतं, हा ढग आपण सगळ्यांनी कॅलेंडरवरच्या चित्रासारखा बघितलाय हे आपल्या लक्षात आणून द्यायचं होतं. म्हणून ती फिल्म मी योग्य मानते. पण बिकिनीच्या एखाद्या माणसाला ती बघवेल का, तर नाही, असं मला वाटतं, आणि तो उठून गेला तर त्याचं बरोबर असेल.

आता माझं सांगते. २०१९ च्या महापुरानंतर मी व्हॉट्सॲपवर आलेल्या क्लिप जोडून सहा मिनिटांची एक फिल्म केली होती. पाणी, छपरं, पोहणारी म्हैस, होड्या. त्यात पत्र्यावर बसलेली एक म्हातारी बाई होती, मांडीवर स्टीलचा डबा धरून. मला तो डबा फार आवडला म्हणून तो शॉट मी तीनदा वापरला, तिसऱ्यांदा तर इतका संथ केला की फक्त डब्यावरचा उजेड हलायचा. सांगलीला एका छोट्या हॉलमध्ये दाखवली. संपल्यावर मागून एक जण उभा राहिला आणि म्हणाला, “ती आमच्या गल्लीतली काकी हाय. डब्यात पैसं न्हवतं, दागिनं न्हवतं, तिच्या धन्याची औषधं हुती. त्यो त्याच राती गेला.” एवढंच बोलून तो बसला.

ती फिल्म मी परत दाखवलेली नाही. तेव्हापासून माझा एक नियम आहे, सगळ्यांनी पाळावा असं नाही म्हणत. ज्याचा चेहरा ओळखू येतो आणि जो जिवंत आहे किंवा ज्याचं माणूस जिवंत आहे, त्याचं दुःख मी त्याला न विचारता टाइमलाइनवर घेत नाही. सरकारचं, कंपन्यांचं, जाहिरातींचं, स्टुडिओंचं फुटेज मी बिनधास्त कापते, त्यांनी ते आपल्यावर सोडलेलंच असतं. पत्र्यावरच्या काकीने काही सोडलं नव्हतं आपल्यावर. तुम्ही इस्लामपूरचे, तुम्ही पूर जवळून बघितलाय, म्हणून तुम्हाला हे सगळं सांगावंसं वाटलं.

प्रश्न: आम्ही १८ वर्षं न्यू जर्सीत आहोत. घरी आमच्या लग्नाची आणि नणंदेच्या लग्नाची व्हीएचएस पडून आहे. ती तुकडे तुकडे करून काही करता येईल का? की ती तशीच ठेवावी? (एक वाचक)

तशीचही ठेवा आणि तुकडेही करा, दोन्ही. मी माझ्या ताईच्या लग्नाच्या कॅसेटचं केलंय ते सांगते, त्यातून तुम्हाला रस्ता मिळेल.

लग्न १९९४ चं, तीन तासांची कॅसेट पूर्ण भरलेली. शूटिंगवाल्याने मिक्सिंग जोरात केलेलं, ताईच्या चेहऱ्याभोवती बदाम, त्यात गुलाब फिरतायत, जेवणाच्या पंगतीवर प्रेमगीत. आम्ही ती इतक्या वेळा बघितली होती की पाठ होती. मग एकदा कॉर्नेलची फिल्म बघून आल्यावर मी ठरवलं की यात फक्त आई जिथे दिसते तेवढंच ठेवायचं. बसले. तीन तासांत आई होती चार मिनिटं दहा सेकंद. आणि त्यातलं समोरून, कॅमेऱ्याकडे बघून असं फक्त फोटोच्या वेळचं. बाकी सगळीकडे ती मागून जाते. हातात ताट, हातात कळशी, हातात कोणाचं तरी रडणारं पोर, फ्रेमच्या डावीकडून येते आणि उजवीकडून जाते, शूटिंगवाला तिला टाळायला कॅमेरा बाजूला घेतो. अंतरपाट धरलाय, सगळ्यांच्या हातात अक्षता, मंगलाष्टकं चाललीत, आणि अगदी कोपऱ्यात, अर्धी कापली गेलेली, आई थांबलीय. सबंध कॅसेटमध्ये ती थांबलेली तेवढीच. सात सेकंद. मग कोणीतरी हाक मारत असणार, ती पदराला हात पुसते आणि जाते.

मी एडिटर आहे, ही कॅसेट मी वीस वर्षं बघत होते, आणि ते सात सेकंद मला दिसले नव्हते.

बदाम काढले नाहीत, गुलाबही फिरू दिले, प्रेमगीतही कट पडेल तिथे तुटू दिलं, कारण ते गुळगुळीत केलं असतं तर आई गोष्टीतली बाई झाली असती. तुम्हीही तेच करा, जोड लपवू नका. माणूस निवडा, किंवा एखादी वस्तू निवडा, तुमच्या आणि नणंदेच्या दोन्ही लग्नांत आलेली एकच पैठणी असेल, एकच समई असेल. दोन कॅसेटमधले शॉट एकाआड एक लावा आणि बघा ती समई कोणाकोणाच्या हातातून जाते. फार वेळाची करू नका, चार-पाच मिनिटं पुष्कळ. आणि वरच्या उत्तरातलं लक्षात ठेवा, नणंदेला आधी विचारा, लग्न तिचं आहे.

आईला मी ती फिल्म दाखवली. ती काही बोलेना, मला वाटलं आवडली नाही. मग म्हणाली, “परत लाव, ते पंगतीचं.” लावलं. पडद्याजवळ गेली आणि बोट ठेवलं, “ही निळी बरणी बघ. हिच्यात लोणचं घातलं होतं मावशीने. कुठे गेली गं ती?” मी मावशीला फोन लावला, दोघी पाऊण तास त्या बरणीवर बोलल्या.

कॅसेट डिजिटल करून घेताना मूळ टेपला बुरशी नाही ना ते दुकानदाराला आधी बघायला सांगा, बुरशी असेल तर साफ केल्याशिवाय चालवू देऊ नका, व्हीसीआरचं हेडही खराब होतं आणि टेपही. फाइल पूर्ण तीन तासांची घ्या, बदामासकट. “चांगले चांगले भाग” निवडून देतो म्हणाले तर नको म्हणा. आणि इथे माहेरीसुद्धा एखादी कॉपी पडलेली असेल, तर ती पावसाळ्याआधी कपाटातून बाहेर काढायला सांगा.